माझं मत धरू नका

"या आमटीत मीठच नाहीये," अक्षरा घास खाली ठेवत म्हणाली.

संयोगिताने दचकून आपल्या वाटीकडे पाहिलं. तिने दुसऱ्यांदा घेतलेली आमटीही संपत आली होती. तिने बोट बुडवून चाटलं. खरंच, मिठाचा पत्ता नव्हता.

"तू बंगळूरभर जेवणं चाखत फिरतेस, आणि हे तुला कळलं नाही? टेस्ट गेली की काय तुझी?" अक्षरा हसली. मग तिने संयोगिता कुठे बघते आहे ते पाहिलं आणि हसायची थांबली. टोपलीतून भाकऱ्या घेऊन उमाकांत त्यांच्याकडेच येत होता.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. संयोगिता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत प्रोग्रामर होती. जेवणाच्या सुट्टीत ती इंटरनेटवर स्वतःचं एक पान चालवायची. बंगळुरात कुठे काय चांगलं मिळतं, कुठला डोसा फसवा आहे, कुठली कॉफी नुसतं दूधपाणी आहे, ते बिनधास्त लिहायची. बाहेरगावाहून आलेली पोरं ते वाचून जेवायला जायची. एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने तिला सुचवलं होतं, "चार चांगल्या ओळी लिहा, घरच्यांना घेऊन वर्षभर जेवायला या." तिने हसून नकार दिला होता. ते सोपं होतं. त्या मॅनेजरवर तिचं प्रेम थोडंच होतं?

उमाकांत निपाणीचा. चिकपेटात कापडाच्या दुकानांवरच्या माळ्यावर त्याने खानावळ काढली होती. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी. दर शनिवारी संयोगिता तिथे जेवायची. त्याच्याबद्दल मात्र तिने एक अक्षरही लिहिलं नव्हतं. लिहायला बसली की वांग्यांचं कौतुक भलतीकडेच जायचं, आणि ती सगळं पुसून टाकायची.

"मॅडम," भाकरी वाढता वाढता उमाकांत म्हणाला, "गिऱ्हाइकं सांगतात, तुम्ही सगळ्यांचं लिहितासा. आमचंच का नाही?"

संयोगिता भाकरीचा तुकडा मोडू लागली.

"चांगलं नसलं तर तसं लिहा की. राग नाही. पण स्वल्प लवकर. घरमालकाला ही जागा साड्यांच्या गठ्ठ्यांसाठी पाहिजे. पुढच्या महिन्यात असू का नसू, ठाऊक नाही."

तो पुढच्या टेबलाकडे गेला. टेबलं बहुतेक रिकामीच होती.

"लिही ना," अक्षरा कुजबुजली. "छान लिही. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," संयोगिता म्हणाली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती कॉम्प्युटरसमोर बसली. डबा उघडलाच नाही. या वेळी तिने काहीही पुसलं नाही.

"चिकपेटातल्या या खानावळीबद्दल माझं मत धरू नका," तिने लिहिलं. "इथली भरली वांगी मला शहरात सगळ्यांत चांगली वाटतात. पण परवा आमटीत मीठ नव्हतं, ते मैत्रिणीला कळलं, मला नाही. जेवताना माझं लक्ष वाढणाऱ्याकडे असतं. तो मला आवडतो. त्याने मला काही फुकट दिलेलं नाही, आणि त्याला यातलं काही ठाऊकही नाही. तेव्हा तुम्हीच जा, जेवा, आणि खरं काय ते कळवा. कळवाल ते जसंच्या तसं छापीन."

बटण दाबलं तेव्हा तिचे कान तापले होते.

पत्रं येऊ लागली. भाकरी मऊ. ताक आंबट. चटणीने डोळ्यांत पाणी आणलं, उद्या परत जाणार. एकाने लिहिलं, वांगी तेलकट आहेत, तुमची दृष्टी खरंच गेली आहे. तिने तेही छापलं. येलहंकाच्या एक आजी दोन बस बदलून जेवून आल्या. त्यांनी नातवाकरवी कळवलं: जेवण बरं आहे, मुलगा फार बरा आहे.

उमाकांतला काही उमगेना. माळा भरून जात होता. घरमालक स्वतः पंगतीत बसून जेवून गेला आणि गठ्ठ्यांसाठी दुसरी जागा बघतो म्हणाला. पण गिऱ्हाइकं भाकरीपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघायची आणि आपसात हसायची. "लग्न झालंय का रे, अप्पा?" असं त्या आजींनी तर सरळच विचारलं होतं. शेवटी न राहवून त्याने एका गिऱ्हाइकाला खोदून विचारलं. ते त्याला कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत घेऊन गेलं.

शनिवारी संयोगिता आली तेव्हा रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत पोचली होती. ती गुपचूप शेवटी उभी राहिली. परत फिरावं असंही तिच्या मनात आलं. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "आल्या!" आणि उमाकांत हातात डाव घेऊन, माणसांमधून वाट काढत, जिना उतरून तिच्यासमोर उभा राहिला. रांगेतले सगळे माना वळवून बघू लागले.

"तुम्ही लिहिलेलं वाचलो मी," तो म्हणाला. "आमटीचं खरं आहे. ताकाचंही खरं आहे." डावातून रस्सा त्याच्या चपलेवर ठिबकत होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. "पण ते दुसरं. वाढणाऱ्याचं. खानावळ चालावी, म्हणून लिहिलासा काय?"

संयोगिताने पहिल्यांदाच त्याच्याकडे न चोरता, सरळ पाहिलं.

"त्या पानावर मी आजवर कुणासाठीही खोटं लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कशी लिहीन?"