पुरं तिकीट

"पाच तिकिटं द्या. पाची पुरी," गड्ड्याच्या जत्रेत सर्कशीच्या खिडकीशी वाकून शिवशरण म्हणाला.

खिडकीतल्या माणसानं त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या महानंदाकडं पाहिलं. "बाराच्या आत अर्धं हाय की, मालक. पोरीला कशाला पुरं?"

"पंधरा सरली तिला. दिसती लहान."

"लई सरळ माणूस दिसताय. हितं लोक मिसरूड फुटलेली पोरं कडेवर घेऊन येत्यात."

रांगेत हशा पिकला. हेमावती तेवढी हसली नाही. महानंदा तिच्या पोटची पोर, आणि तिला नुकतंच अकरावं लागलं होतं. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, अर्धंच घ्या की. अजून वेळ गेली न्हाय."

"गप ऱ्हा," शिवशरण पुटपुटला आणि त्यानं पाच पुरी तिकिटं घेतली.

मैंदर्गीहून मुलासाठी पोरगी बघायला आलेले रुद्रप्पा बायकोबरोबर दोन पावलं मागं उभे होते.

"पोरगी लई बारीक वाटती," त्यांची बायको म्हणाली. "वय तरी खरं सांगत्यात का?"

"जास्तीचे पैसे देऊन कोण खोटं बोलंल?" रुद्रप्पा म्हणाले. "चैतात उरकून टाकू."

तंबूच्या दाराशी गर्दी वाढली. आतून वाघाची डरकाळी आली, तशी घाबरून महानंदानं आईचा हात घट्ट धरला. पाहुणे बघत होते. हेमावतीनं हळूच तो सोडवला.