आधी वाजणारी चकती

सोमवारी नवी रायफल दुकानांत विक्रीला जाणार होती आणि आयडाहोतल्या चाचणीच्या मैदानावर ऑरिन सकाळपासून नुसता चरफडत होता. चाप दोनदा बदलून झाला, दस्ता घासून पुन्हा बसवला, स्प्रिंग नवी घातली. नेमाला रायफल गुणी होती. घोळ होता तो आवाजाचा.

तीनशे यार्डांवरच्या पोलादी चकतीला गोळी लागली की ती टण्ण वाजते. बार आधी, टण्ण नंतर. इथे टण्ण आधी यायचं, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर आणखी आधी. आता तर ते ऐकून ऑरिनचा श्वास सोडून व्हायचा, मग बार.

"कान तपासून घे," त्याच्यासोबत वीस वर्षं चाचण्या घेणारी डार्ला म्हणाली.

"माझे कान राहू देत. तुझी चकती सैल आहे, ती बघ."

"बघते बाबा. रंगही मारून येते. तू तोवर राग गिळ."

ऑरिनने सगळ्या गोळ्या काढल्या. गोळीच्या रिकाम्या घरात पिवळी पट्टी खोचली. ती असताना बार होऊच शकत नाही. रायफल टेबलावर ठेवून तो दोन पावलं मागे सरला. डार्ला रंगाचा डबा घेऊन चालत गेली आणि चकतीसमोर वाकली.

टण्ण.

"ऑरिन," वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला, "मी अजून हातही लावलेला नाही."

त्याने टेबलाकडे पाहिलं. पिवळी पट्टी जागच्या जागी होती.

बार अजून व्हायचा होता.