पसरणीचा उतार

“ब्रेक बघून घेतलेस ना रं?” हंबीररावांनी विचारलं.

“दोनदा बघितलं, सरकार,” यल्लाप्पा म्हणाला.

ट्रकमधून फळ्यांवरून लाल गाडी नुकतीच पाचगणीच्या बंगल्यासमोर उतरवली होती. दसऱ्याची सकाळ होती. हंबीररावांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि दिव्यावर टिचकी दिली.

“नुसती लकाकतीय का चालतीय बी?”

“तुमी बसा तर. मग कळंल.”

गाडी इटलीची. छत्तीस साली बोटीनं मुंबईला उतरली, एका संस्थानिकासाठी. त्याच्याकडून ती हंबीररावांच्या वडिलांनी घेतली. लांब नाक, वर छप्पर नाही, बसायला दोनच जागा. हंबीररावांनी तिच्यावर तीन शर्यती जिंकल्या. गाडी तयार करायचा केरबा मिस्त्री, आणि शर्यतीत शेजारी बसायचाही तोच. अठ्ठावन्न साली पसरणी घाटातल्या शर्यतीच्या दिवशी केरबा सांगत होता, ब्रेक अजून नीट धरत नाहीत, आज नको. हंबीररावांनी ऐकलं नाही. तिसऱ्या वळणावर गाडी उलटली आणि केरबा जागीच गेला. हंबीररावांना खरचटलंही नाही. गाडी केरबाच चालवत होता, असं त्यांनी पोलिसांना लिहून दिलं.

केरबा हा यल्लाप्पाचा थोरला भाऊ. हे हंबीररावांना ठाऊक नव्हतं. तेव्हा यल्लाप्पा सांगलीत एका गॅरेजात काम शिकत होता, आणि पुढं तिथंच त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं.

दोन वर्षांपूर्वी हंबीररावांच्या पत्नी विजयमालाबाई साताऱ्याहून तिथं आल्या होत्या.

“जुनी इटालियन गाडी आहे. कराल का?”

“कुणाची?”

त्यांनी नाव सांगितलं. यल्लाप्पा बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला.

“करतो,” तो म्हणाला.

त्यानं चहा मागवला. कप धरताना बाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती.

“मोटारीच्या दारात सापडली होती,” न विचारताच त्या म्हणाल्या. दार कुणी लावलं, ते त्यांनी सांगितलं नाही. उठताना एवढंच बोलल्या, “घाटात चालली पाहिजे. ह्यांना घाटाची फार हौस.”

अठरा वर्षं गाडी कडब्याखाली पडून होती. आसनात कोंबड्यांनी अंडी घातली होती. यल्लाप्पानं पत्रे ठोकून सरळ केले, कोल्हापूरहून पिस्टन ओतून आणले, चपला शिवणाऱ्या कारागिराकडून आसनांचं चामडं शिवून घेतलं. त्याची भावजय राहीबाई, केरबाची बायको, रोज दुपारी भाकरी घेऊन यायची आणि गाडीकडं बघत बसायची.

“लय लाल केलीसा, भावजी.”

“पयली अशीच हुती.”

“त्ये ह्या अंगाला बसायचं व्हय?”

“व्हय.”

“मग एवढ्या निगुतीनं कशापायी करतासा?”

“वैनी, गाडी चांगली झाल्याबगार त्यो बसायचा न्हाई.”

राहीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर वांग्याचं भरीत होतं, केरबाला आवडायचं तसं.

पायानं दाबायच्या ब्रेकची सळई जिथं जोडलेली असते, तिथं बोटाएवढी एक पिन असते. ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक तार ओवून वळवतात. यल्लाप्पानं सगळं केलं, ती तार तेवढी ओवली नाही. सपाटीवर काही झालं नसतं. घाट उतरताना पाच-सात वेळा ब्रेक दाबले की पिन गळून पडणार होती. हातब्रेकही त्याच सळईवर होता.

बंगल्यासमोर विजयमालाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या.

“बाजारपेठेतनं एक चक्कर टाकतो, बास,” हंबीरराव म्हणाले.

“वाईत लोक हार घेऊन थांबलेत. मी निरोप दिलाय, तुम्ही घाट उतरून येताय म्हणून.”

“तुला कुणी सांगितलं होतं निरोप द्यायला?”

“बरं, राहू दे. म्हणतील, आता वय झालं.”

हंबीररावांनी टोपी घट्ट केली आणि गाडीत बसले.

बाईंनी चाकांना हळद-कुंकू लावलं. नवऱ्याला ओवाळलं. बाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. यल्लाप्पाला एकदम राहीबाईचं कपाळ आठवलं, केरबाला आणलं त्या दिवशी बायकांनी ओल्या फडक्यानं पुसलेलं. गेली वीस वर्षं तो रोज ते कपाळ बघत होता. या बाईनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. तिनं काय केलं होतं?

“सरकार, दोन मिंटं. येक नट बघाय पायजे.”

“आत्ता तर दोनदा बघितलं म्हणालास.”

“तिसऱ्यांदा बघतो.”

तो गाडीखाली शिरला. खिशातून तार काढली, पिनेत ओवली, पक्कडीनं दोनदा पिळली. राहीबाईला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं. बाहेर येऊन त्यानं पक्कड खिशात टाकली.

हंबीरराव पुढं निघाले. मागं जीप यल्लाप्पा चालवत होता, आणि शेजारी विजयमालाबाई बसल्या होत्या. वळणामागून वळणं गेली. बाईंची नजर पुढच्या लाल गाडीवरून हलत नव्हती. ओठ मात्र हलत होते. देवाचं नाव घेत असतील, असं यल्लाप्पाला वाटलं. केरबा गेला ते वळणही मागं पडलं. आपण केलं ते बरंच केलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

वाईत वाजंत्री वाजत होती. हंबीरराव गाडीत उभे राहून हार घेत होते. यल्लाप्पानं जीप थांबवली.

“उतरा, बाईसाहेब. सरकार सुखरूप पोचलं.”

बाई उतरल्या नाहीत.

“केरबा मिस्त्रींचे तुम्ही सख्खे भाऊ ना?”

यल्लाप्पाचा हात किल्लीवरच राहिला.

“तुमाला कवापास्नं ठावं?”

“पहिल्यापासून. म्हणून तर पुण्या-मुंबईचे मिस्त्री सोडून तुमच्या दारात आले,” हार घेणाऱ्या नवऱ्याकडं बघत त्या म्हणाल्या. “तुमच्या हातून एवढंही झालं नाही.”