अर्धी वाटी

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात दिवसभर गणपती घासून आलेली पुतळी केसांतली पांढरी भुकटीही न झटकता सासू गिरजाबाईंसाठी सूप करायला लागायची. दुधी, मूठभर मूगडाळ आणि लसणाच्या दोन पाकळ्या कुकरला लावायच्या, मग रवीने घोटायचं. "म्हाताऱ्या माणसाला याच्यासारखं अन्न नाही, रोज द्या," असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गिरजाबाई मात्र रोज अर्धी वाटी उरवायच्या. टाकवत नाही म्हणून पुतळी ते उरलेलं सूप ओट्याशी उभ्यानेच प्यायची आणि आडवी व्हायची. स्वतःसाठी वेगळं काही रांधायचं त्राण तिच्यात राहायचं नाही.

आज तिने मुद्दाम अर्धीच वाटी सूप केलं. गिरजाबाईंनी चार घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली.

"आई, आज केलंय तेच अर्धं, आणि त्यातलंपण तुम्ही उरवलंत," पुतळी थकून म्हणाली. "नको असेल तर तसं सांगा. उद्यापासून नाय करत."

"तू नाय केलंस तर तू काय खाशील गो?"

गिरजाबाईंनी वाटी उचलून तिच्या हातात दिली.

"पी. डॉक्टरनी म्हाताऱ्या माणसाला द्यायला सांगितलंय. तुझे केस काय नुसत्या भुकटीने पांढरे हायेत?"