घरातलं मोठं माणूस

“आई हा शब्द काढा,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

मास्तर पडद्याशेजारी उभे होते. पडद्यावर त्यांनी तयार केलेला गृहपाठ दिसत होता. विषय होता, घरातलं न दिसणारं काम. खाली लिहिलं होतं, ‘घरी जाऊन आईला पुढचे तीन प्रश्न विचारा.’

बाईंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. त्यांची ही रीतच होती. शाळा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम घेणार होती. आजवर छापील पुस्तकावरून शिकवणाऱ्या शिक्षकांना आता धडे, प्रश्न, परीक्षा, सगळं स्वतः तयार करायचं होतं. बाई त्यांना ते शिकवायला आल्या होत्या. जो तो आपलं लिखाण त्या खुर्चीला वाचून दाखवायचा. खुर्चीत जगातलं कुठलंही मूल बसलंय असं धरायचं, आणि ज्याला एखादं वाक्य लागू पडणार नाही असं मूल सापडलं की ते वाक्य बाद.

“या मुलाला आई नसेल तर?” बाईंनी विचारलं.

त्या बाहेरच्या होत्या. त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी माना खाली घातल्या. गणिताच्या मॅडम अर्धवट उठल्या, “बाई, जरा…” मास्तरांनी त्यांना हातानेच बसवलं.

“बरोबर आहे तुमचं,” मास्तर म्हणाले. “हाताला सवय आहे. इतकी वर्षं असंच लिहीत आलो.”

“मग आता काय लिहाल?”

“घरातल्या मोठ्या माणसाला विचारा.”

“छान. पुढचे कोण?”

मास्तर जागेवर येऊन बसले. गटात वयाने तेच मोठे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सकाळीच गणिताच्या मॅडमनी त्यांची फिरकी घेतली होती, “सदऱ्याला काय कडक इस्त्री आहे हो मास्तर. आमच्या ह्यांना तुमच्याकडे शिकवणीला पाठवते.” मास्तर हसले होते. म्हणाले होते, “घर आता रुळावर आलंय.” बायको वारल्यापासून फोन करणाऱ्या नातेवाइकांनाही ते हेच सांगत.

आता मॅडमचा चेहरा उतरला होता.

“मास्तर, हा कागद मी परवाच सहावीला वाटला.”

प्रत्येक गृहपाठ आधी एका वर्गावर करून बघायचा, असा प्रशिक्षणाचा नियम होता. आपला गृहपाठ आपण द्यायचा नाही, गटातल्या जोडीदार शिक्षकाने द्यायचा. सहावीत मास्तरांचा धाकटा होता.

“माझ्या डोक्यातच आलं नाही हो.”

“लिहिलं मी. तुमच्या डोक्यात कुठून येणार?” मास्तर म्हणाले.

बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगा परवापासून तो कागद घेऊन बसला असणार. कुणाला विचारलं असेल त्याने? की नुसताच बघत बसला असेल? दोन दिवस तो काही बोलला नव्हता. तसं जेवताना बोलणं असं व्हायचंच नाही. मास्तर विचारायचे, “अभ्यास झाला?” दोन्ही पोरं म्हणायची, “झाला.” मग ताटं उचलली जायची.

त्यांनी ठरवलं, आज त्याच्यासमोर बसायचं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपण द्यायची. आईच्या जागी आपण आहोत, हे त्याला एकदा कळू द्यायचं. ते मनातल्या मनात उत्तरं जुळवू लागले. सकाळी घरात सगळ्यात पहिलं काम कोणतं होतं? दूध तापवणं? की पाणी भरणं? ते उठायचे तेव्हा चहा टेबलावर असायचा. प्रश्न त्यांनीच काढला होता, आणि उत्तर येत नव्हतं. घर येईपर्यंत सुचेल, असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला.

घरी धाकटा टेबलाशी बसला होता. आत थोरली लेक भांडी घासत होती. तिचं दहावीचं वर्ष. पुस्तकं तिने ओट्याच्या कडेला, पाणी उडणार नाही अशी ठेवली होती.

“तो घरकामाचा कागद कुठे आहे रे?”

“हा काय. उद्या द्यायचाय.”

“त्यात माझी चूक झालीय. आईला विचारा, असं लिहायला नको होतं. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, असं हवं होतं.” त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. “चल, विचार मला.”

पोराने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे.

“मग बदलायला कशाला पाहिजे, बाबा? मी विचारलंय.”

“कुणाला?”

“ताईला.”

मास्तरांनी एकदा आत बघितलं. मग म्हणाले, “वाच.”

पोरगा ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. “सकाळचं पहिलं काम. पाणी भरणं, दूध तापवणं, मग बाबांच्या सदऱ्याला इस्त्री. कुणाला न दिसणारं काम कोणतं?” तो थांबला. “इथे ताई हसली. म्हणाली, वरचंच परत लिही.”

मास्तरांचा हात सदऱ्याच्या बाहीवर गेला.

“तिसरं कोरं का?”

“तिने सांगितलंय. पण ते लिहायचं की नाही, मला कळेना.”

‘एक तास फक्त तुमचा मिळाला तर काय कराल?’ असा तो प्रश्न होता. बसमध्ये मास्तरांना तेवढाच सोपा वाटला होता. आत नळ बंद झाला. भांड्यांचा आवाज थांबला.

“काय म्हणाली?”

पोराने आवाज खाली आणला.

“म्हणाली, आईसाठी रडायचं राहिलंय, तेवढं उरकून घेईन.”