बाभळीखालचं अंथरूण

सांगलीहून आल्या आल्या बनुबाईनं घरातलं आपलं अंथरूण उचललं आणि अंगणापलीकडच्या बाभळीखाली नेऊन टाकलं. आजारी मेंढरू कळपातून काढून बांधायची ती जागा.

मुलगा रविराज फुप्फुसाच्या फोटोचं पाकीट हातात धरून तसाच उभा राहिला.

"आये, हे काय आनि?"

"डाक्तर काय म्हनला, ऐकलंस न्हवं?"

डॉक्टरनं सोपं करून सांगितलं होतं. वय झालं की अंगातल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात. काम करत नाहीत आणि मरतही नाहीत. बसल्या जागी शेजारच्या चांगल्या पेशींनाही बिघडवतात. मग फुप्फुस निबर होत जातं, श्वास पुरत नाही. त्या तेवढ्या पेशी वेचून काढायचं औषध शोधताहेत, पण अजून हाताशी आलेलं नाही.

"ते अंगातल्या अंगात असतंय," रविराज म्हणाला. "एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई. मी दोनदा इचारलं त्यास्नी."

"तुजा बा बी असंच म्हनायचा. एकच हाय, बसू दे कळपात. निम्मा कळप गेला तवा गप झाला." तिला दम लागला. थोडं थांबून ती म्हणाली, "साठ वरसं मेंढरं राखल्यात मी. मला नगं शिकवू."

"तू काय मेंढरू हाईस व्हय?"

"मेंढराला बाजार तरी असतोय."



इतक्यात त्याची नात राणी घरातून पळत आली. तीन वर्षांची पोर. जन्मल्यापासून पणजीच्या कुशीशिवाय झोपली नव्हती.

"आज्जे, मी बी हितंच निजनार."

बनुबाईनं ढेकूळ उचललं आणि पोरीच्या पुढ्यात टाकलं. पिकाकडे वळलेलं कोकरू असंच माघारी फिरवतात. राणीला खेळ वाटला. ती हसत पुढे आली.

दुसरं ढेकूळ तिच्या पायाशी फुटलं. ती थांबली. मग मोठ्यानं रडत ती घराकडे वळली.

बनुबाई धापा टाकत खाली बसली. पोर दाराआड होईपर्यंत तिनं हातातलं तिसरं ढेकूळ सोडलं नाही.