‘गाळ’चे लेखक

डब्याच्या झाकणावरचा स्टिकर एका कोपऱ्यात सुटला होता आणि त्याखाली दुसरा स्टिकर होता. सरोजने तो कोपरा नखाने किंचित उचलून पाहिला. वरच्या स्टिकरवर भाऊंचा फोटो होता. खालच्यावरही भाऊच होते, तेच हसू, फक्त चिन्ह वेगळं. डबे दिवाळीतच छापून तयार असणार. मग तिकीट मिळेना म्हणून भाऊंनी पक्ष बदलला आणि कुणीतरी मांडी घालून एकेका झाकणावर नवं चिन्ह चिकटवत बसलं. भाऊ नगरसेवक म्हणून निवडून आले. आज त्यांच्या पत्नीच्या हळदीकुंकवात हेच डबे वाण म्हणून वाटले जात होते. सरोजने कोपरा दाबला. तो काही पुन्हा बसला नाही.

ठाकुर्लीच्या त्या मैदानात मांडव गच्च भरला होता. सरोजला आग्रहाने पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं होतं. दोन्ही बाजूंना बायका, मागे बायका, मांडीवर डबा, हातात तिळगूळ. समोर स्टेजवर भाऊंच्या शेजारी तिचे यजमान विश्रामराव बसले होते. टेबलावर शाल घडी करून ठेवलेली. उखाणे संपले की त्यांचा सत्कार होता. ‘गाळ’ या ब्लॉगचे निर्भीड लेखक म्हणून.

‘गाळ’ सरोज लिहीत होती.

ब्लॉग सुरू केला तेव्हा ती शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. नगरसेवकांवर लिहिणारी शिक्षिका संस्थाचालकांना चालली नसती. म्हणून लेखाखाली नाव नसे, आणि माहिती अधिकाराचे अर्ज विश्रामरावांच्या सहीने जात. नव्या रस्त्याच्या डांबराची जाडी ती पट्टी लावून मोजून येई. नळाच्या पाण्यात तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकून क्लोरीनचा रंग बघे. मोजलं नाही ते लिहायचं नाही, एवढा एकच नियम. लोकांनी अर्जावरचं नाव पाहिलं आणि लेखकही तेच धरले. कट्ट्यावर कुणी विचारलं की विश्रामराव नुसते हसत. त्या हसण्याचं हळूहळू हो झालं.

निवृत्त झाल्यावर सांगायचं ठरलं होतं. मग गणपती होऊ देत, मग निवडणूक होऊ दे. दर वेळचं कारण खरंच होतं. शिवाय शिव्याही त्यांनीच खाल्ल्या होत्या. एकदा कुणी स्कूटरचे दोन्ही टायर फाडले, तर स्टेशनपासून ढकलत आणून वर जिन्यात म्हणाले होते, लेख झोंबला गं तुझा. त्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं?

आज सकाळी तिने नवा लेख त्यांना वाचायला दिला. मागच्या चाळींच्या पाण्याचा. तिन्ही चाळींच्या पाण्यात तिने थेंब टाकले होते आणि कुठेच रंग आला नव्हता. क्लोरीन नावालाही नाही. टाकी नवी होती, बांधणारा भाऊंचा भाचा. विश्रामरावांनी चष्मा काढून ठेवला.

“हा आत्ता नको. स्वीकृत नगरसेवकासाठी भाऊंनी माझं नाव पुढे केलंय. मी शब्द दिलाय त्यांना.”

“कसला शब्द?”

“की आता ‘गाळ’ जरा जपून लिहीन.” तिच्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, “एकदा आत गेलो की आतून सांगता येईल. आणि नाव माझं काय, तुझं काय, घर एकच ना?”

‘लिहीन’ म्हणाले होते. ती दुरुस्त करणार होती. तेवढ्यात त्यांनी कुर्ता कोणता घालू विचारलं आणि तिने इस्त्रीचा काढून दिला.

शेजारच्या खुर्चीवर रंगूबाई होती, चाळीतली. तिची नात काविळीने सरकारी दवाखान्यात पडून होती, तरी वाण चुकवू नये म्हणून घटकाभर आली होती. ती सरोजच्या कानाशी वाकली.

“सायबांना सांग गो बाय, आमचे पान्याचा बी लिवा.”

सरोजने मान हलवली. ती मान नक्की कशासाठी हलली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

ऐश्वर्या, भाऊंच्या महिला आघाडीतली मुलगी, माइक घेऊन रांगेतून येत होती. प्रत्येकीने यजमानांचं नाव घ्यायचं. कुणी लाजत होती, कुणी दोन-दोन उखाणे घेत होती, आणि मागून शिट्ट्या पडत होत्या. ऐश्वर्या सरोजसमोर थांबली. म्हणाली, सगळी महापालिका ज्यांच्या लेखणीला घाबरते त्यांच्या सौभाग्यवती आहेत या, यांचा उखाणा शेवटी ठेवलेला आम्ही मुद्दाम.

“काकू, नाव घ्या. आणि लांबवायचं नाही हं.”

सरोज उभी राहिली. डबा तिने खुर्चीवर ठेवला. स्टेजवर विश्रामराव पुढे झुकून हसत होते. तिची भीड त्यांना ठाऊक होती. घे, घे, असं त्यांनी हातानेच सांगितलं.

“काचेच्या ग्लासात नळाचं पाणी,” ती म्हणाली, “तळाशी बसला गाळ…”

बायका खळाळून हसल्या. भाऊंनी टाळी वाजवली आणि विश्रामरावांच्या पाठीवर थाप मारली. मग सगळ्या जणी पुढच्या ओळीसाठी, नावासाठी थांबल्या. ऐश्वर्याने माइक आणखी जवळ धरला. विश्रामरावांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण हात हवेतच राहिला होता. इतकी वर्षं सरोजच्या वर्गात जशी शांतता असे, तशी मांडवात झाली.

“पाण्याचा लेख उद्या सकाळी येईल, रंगूबाई,” ती म्हणाली. “‘गाळ’ मी लिहिते. माझं नाव सरोज.”